विश्लेषण : तीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये न मावलेली मैफल, कोण होते अब्दुल करीम खाँ?

ऐन वेळी सुचेल तसं गाणं आपल्याला नवं नाही. वाशी परिसरातल्या हरिनाम सप्ताहात मुरलेला भजनी तोच चरण दर वेळी निराळ्या वळणाने म्हणतो. अमेरिकेतले जॅम बँड हेच गिटारवर करतात. शास्त्रीय संगीतात याला ‘उपज’ म्हणतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच उपजेचे बादशहा.

कैरानाहून मिरजेला कसे आले?

खाँसाहेबांचा जन्म १८७२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कैराना इथे झाला. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायक होते. तिथेच ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संसार जुळला. त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मिरज मात्र त्यांचं कायमचं घर झालं.

मैफलीत वेगळं काय होतं?

राग आणि बंदिश ठरलेली, पुढचं काहीच नाही. विलंबित लयीत एकेक सुरावर थांबत ते राग उलगडत. त्यांच्या सरगमवर कर्नाटक संगीताची छाप होती.

मग आज काय उरलं?

तेव्हाच्या ७८ आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात आटोपावा लागे. आज मोबाइलवर ऐकू येतात ती हीच ध्वनिमुद्रणं. मैफल जशी झाली तशी कुठेच जपलेली नाही.

गाणं पुढे कसं गेलं?

ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नावही लावलं नाही. तरी सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर नामवंत गायक झाले. त्यांना तालीम दिली ती किराणा घराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांनी. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडलं आणि शेवटी ते सवाई गंधर्वांकडेच शिकले. ती तीन मिनिटं फुकट गेली नाहीत.

शेवट कुठे झाला?

दक्षिणेच्या दौऱ्यात, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, चेन्नईजवळच्या सिंगपेरुमल कोइल रेल्वे स्थानकावर. त्यांचं दफन मिरजेच्या ख्वाजा मिरासाहेब दर्ग्यात झालं. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही मैफली रंगतात. त्यांची उपज ऐकायची तर रेकॉर्डनंतर अशी एखादी मैफल समोर बसून ऐकावी.