मतदारांचे वकील : न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे

निवडणूक खर्चाच्या मर्यादेचा विषय निघाला की कायद्याच्या पुस्तकांत नगर जिल्ह्याचे नाव हमखास येते. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर मतदारसंघात यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात लढत झाली व ती न्यायालयात गेली. प्रचारातील विधानांवरून विजयी उमेदवाराची निवड रद्द ठरली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच निकालपत्रात न्यायालयाने एका जुन्या पळवाटेवर बोट ठेवले. खर्चाची मर्यादा केवळ उमेदवाराने स्वतः केलेल्या किंवा मंजूर केलेल्या खर्चापुरती आहे. पक्षाने वा इतरांनी त्याच्यासाठी केलेला खर्च कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो आणि मर्यादा नावापुरती उरते, असा त्या निरीक्षणाचा आशय होता.

हेच दुखणे त्याआधी अठरा वर्षे एका अहवालात नोंदवले गेले होते. तो अहवाल सरकारी आयोगाचा नव्हता, कोणत्याही पक्षाचाही नव्हता. सत्तेबाहेरच्या काही नागरिकांनी एकत्र येऊन तो तयार केला होता आणि त्यांचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे.

तारकुंडे यांचा जन्म ३ जुलै १९०९ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवड येथे झाला. वडील महादेवराव हे सासवडचे वकील आणि अस्पृश्यतेला विरोध करणारे सुधारक. शालेय शिक्षणासाठी विठ्ठलराव पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले आणि १९२५ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. एवढ्या हुशार मुलाने सनदी सेवेची वाट धरावी अशीच त्या काळची रीत होती. त्यांनी मात्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयाची पदवी घेतली. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि पुण्यात परतून वकिली करू लागले. वकिलीच्या जोडीला खेड्यांत जाऊन काम करण्याचा नेम त्यांनी ठेवला होता.

या काळात ते काँग्रेस समाजवादी पक्षात होते. नगरचे अच्युतराव पटवर्धन हे या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव पडला आणि तारकुंडे त्यांच्याकडे वळले. १९४२ मध्ये चालती वकिली सोडून ते रॉय यांच्या रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि १९४४ मध्ये सरचिटणीस. हा पक्ष १९४८ मध्ये स्वतःहून विसर्जित झाला. सत्ता मिळवण्यासाठी झगडणारा पक्ष शेवटी लोकांचे नव्हे तर स्वतःचेच हित पाहू लागतो, म्हणून लोकशाहीचा पाया मतदारांच्या स्थानिक समित्यांतच असला पाहिजे, हा रॉय यांचा निष्कर्ष होता. तारकुंडे यांच्या पुढच्या सर्व कामाचे मूळ या निष्कर्षात सापडते.

मुंबईत त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली. १९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९६९ मध्ये स्वेच्छेने त्या पदावरून निवृत्त झाले. त्यानंतर दिल्लीला जाऊन ते सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. निवृत्त न्यायाधीशाला सन्मानाने विश्रांती घेता आली असती; तारकुंडे यांच्या आयुष्याचा सर्वांत धकाधकीचा काळ मात्र साठीनंतर सुरू झाला.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था उभी केली. निवडणूक न लढवता लोकशाहीचे रक्षण करायचे, हे तिचे सूत्र. संस्थेच्या वतीने जयप्रकाशांनी निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली. तारकुंडे यांच्यासोबत मिनू मसानी, पुरुषोत्तम मावळंकर, ए. जी. नूरानी आदी मंडळी तिच्यात होती. समितीचे काम सुरू असतानाच विषयाला धार आली. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरावा असा निर्णय दिला आणि सरकारने लगेच वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. नगरच्या खटल्यात पुढे आडवी आलेली पळवाट ती हीच.

फेब्रुवारी १९७५ मध्ये समितीचा अहवाल आला. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा करावे. निवडणूक आयोग तीन सदस्यांचा असावा. त्यांची निवड केवळ सरकारच्या मर्जीवर न ठेवता पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी. पक्षांच्या हिशेबांची तपासणी व्हावी. पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात मोजावा. निवडणूक काळात सरकारने काळजीवाहू म्हणून काम करावे. आणि मतदारसंघांत पक्षविरहित मतदार परिषदा स्थापन व्हाव्यात, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्यानंतर चारच महिन्यांत देशात आणीबाणी लागू झाली. जयप्रकाश तुरुंगात गेले आणि अहवाल बाजूला पडला.

आणीबाणी असतानाच, १९७६ मध्ये, नागरी स्वातंत्र्यासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. पुढे ती पीयूसीएल या नावाने ओळखली जाऊ लागली. तारकुंडे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९७७ मध्ये सत्तापालट झाला आणि ज्यांच्यासाठी झगडलो तेच सत्तेवर आले. अशा वेळी नागरी संघटना नव्या राज्यकर्त्यांच्या पंक्तीला बसतात, असा अनुभव आहे. तारकुंडे यांनी त्याच वर्षी आंध्र प्रदेशात नक्षलवादी म्हणून चकमकीत मारल्या गेलेल्या तरुणांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या नागरी समितीचे नेतृत्व स्वीकारले. सरकार कोणाचेही असो, प्रश्न विचारण्याचे काम थांबत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

अशा संस्थांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्यांना कोणी निवडून दिलेले नाही, त्यांनी निवडणुकीचे नियम कसे असावेत हे का सांगावे? आक्षेप सहज झटकण्याजोगा नाही. पण नियम ठरवणारेच त्या नियमांखाली खेळणारे असतात, तेव्हा बाहेरून कोणीतरी हिशेब मागावा लागतो. तारकुंडे यांच्या समितीकडे शिफारस करण्यापलीकडे कोणताही अधिकार नव्हता. तिचे म्हणणे पटवून द्यावे लागत होते आणि ते पटायला दशके लागली.

१९८९ मध्ये मतदानाचे वय अठरा झाले. त्याच वर्षी आयोग तीन सदस्यांचा झाला, काही महिन्यांतच पुन्हा एकसदस्य झाला आणि १९९३ पासून कायमचा बहुसदस्य झाला. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरील गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये मान्य केला. अहमदाबादच्या प्राध्यापकांनी स्थापन केलेल्या ‘असोसिएशन फॉर डेमॉक्रॅटिक रिफॉर्म्स’ने हा लढा सुरू केला होता. संसदेने कायदा करून हा हक्क आक्रसला, तेव्हा पीयूसीएलही न्यायालयात गेली आणि मार्च २००३ मध्ये ती तरतूद रद्द झाली. आज नगर असो वा नागपूर, प्रत्येक उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र मतदाराला वाचता येते ते या निकालामुळे.

१९९८ मध्ये तारकुंडे यांना पद्मभूषण मिळाले. २२ मार्च २००४ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पीयूसीएलने नकाराच्या मतासाठी याचिका केली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ च्या आंदोलनाच्या काळात उमेदवार नाकारण्याच्या हक्काची मागणी देशभर पोहोचवली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय देण्याचा आदेश दिला.

आयुक्तांच्या निवडीचा प्रश्न मात्र सर्वांत चिवट ठरला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, संसद कायदा करीपर्यंत, पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती नेमली. १९७५ च्या अहवालातील हीच रचना होती. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेला केंद्रीय मंत्री आला. समितीतील बहुमत पुन्हा सरकारकडे गेले.

खर्चाची पळवाटही २००३ च्या दुरुस्तीने अरुंद झाली, बुजली नाही. पक्षाच्या एकूण खर्चाला आजही मर्यादा नाही. मतदार परिषदांची शिफारस तर कोणत्याच सरकारने हाती घेतली नाही. अर्थात ती सरकारने करावी अशी तारकुंडे यांची अपेक्षाही नव्हती. आपल्या मतदारसंघातील चार माणसांनी एकत्र बसून उमेदवाराला जाब विचारायचा, त्यासाठी कायदा लागत नाही. अहवालातील हे एकच काम त्यांनी मतदारांकडे सोपवले होते आणि ते अजून मतदारांकडेच आहे.