एक्सप्लेनर : डफ, तुणतुणं आणि सरकारी बंदी, अमळनेरच्या हुतात्म्यांवर पोवाडा लिहिणारे अण्णाभाऊ साठे कोण होते?

रावेर : मेटल, हार्डकोर म्हटलं की कर्कश गिटार, ओरडून गायलेले शब्द आणि व्यवस्थेवरचा राग डोळ्यांसमोर येतो. हे संगीत १९७०-८०च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेत वाढलं. सत्तेला खुपणारी आणि म्हणून बंदी ओढवून घेणारी गाणी महाराष्ट्रात त्याआधीच गाजत होती. त्यातला एक पोवाडा तर आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या घटनेवर आहे.

अण्णाभाऊ कोण होते?
मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव (जि. सांगली). मातंग समाजातलं गरीब घर, शाळा जेमतेम दीड दिवसाची. लहानपणीच ते आई-वडिलांसोबत पायी मुंबईला आले. हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि पोस्टर बघत वाचायला शिकले. मधल्या काळात गावी परतून तमाशाच्या फडातही काम केलं.

लाल बावटा कलापथक काय होतं?
१९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी हे पथक उभं केलं. तिघंही कम्युनिस्ट चळवळीतले. साहित्य साधं : डफ, तुणतुणं, ढोलकी. श्रोते गिरणगावातले कामगार आणि खेड्यांतले शेतकरी. बंगालचा दुष्काळ, काळा बाजार, स्टालिनग्राडची लढाई असे ताजे विषय पोवाड्यात यायचे. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यांसाठी हीच बातमी होती.

खानदेशाशी संबंध काय?
रावेर आणि अमळनेर तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. १९४६ मध्ये अमळनेरला गिरणी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बळी गेलेल्यांवर अण्णाभाऊंनी ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हा पोवाडा रचला.

बंदी का आली?
मुंबई सरकारने पथकाचे कार्यक्रम बंद पाडले. तमाशावरही बंदी आली. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचाच बदलला. गणपतीऐवजी मातृभूमी आणि कष्टकऱ्यांना वंदन ठेवलं, गवळण काढून टाकली. हा प्रकार पुढे लोकनाट्य म्हणून रुजला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली. मुंबईतल्या कामगाराचा बायकोपासूनचा दुरावा आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी भागाचं दुःख त्यांनी एकाच गाण्यात गुंफलं.

पुढे काय झालं?
१९५९ मध्ये ‘फकिरा’ कादंबरी आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. नाव झालं, पण हलाखी सुटली नाही. बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज काय उरलं?
२००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. ज्याच्या गाण्यांवर सरकारने बंदी घातली, त्याच्या जयंतीला आता सरकारी कार्यालयांत हार घातले जातात. दरवर्षी १ ऑगस्टला खानदेशातही मिरवणुका निघतात. त्यात एखादा डफ अमळनेरच्या कामगारांसाठीही वाजला, तर तो पोवाडा घरी परत आला असं म्हणता येईल.