पेस्टालॉझीच्या रेघा

योहान हाइनरिख पेस्टालॉझी याचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. पांचव्या वर्षींच पितृछत्र हरपलें. आई व एक विश्वासू मोलकरीण यांनीं त्याला काटकसरीनें वाढविलें. व्यवहारज्ञान मात्र त्याला कधींच आलें नाहीं. शेती केली, ती बुडाली. १७७४ सालीं नॉयहोफ येथें आपल्या शेतावर त्यानें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली. मुलांनीं सूत काततां काततां शिकावें असा बेत होता. १७८० मध्यें तीहि बंद पडली आणि पत्नीचा पैसाहि तींत गेला. ज्याला घरचा जमाखर्च जुळवितां आला नाहीं, त्यानेंच युरोपास अंकगणित शिकविण्याची नवी रीत दाखवावी, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

१७९८ त फ्रेंच सैन्यानें श्टान्स गांवाची धूळधाण केली. तेथील सुमारें ८० अनाथ मुलांचा भार त्यानें जानेवारी १७९९ मध्यें आपल्या शिरावर घेतला. मदतीस घरकाम पाहणारी एकच बाई. गांव कॅथलिक, हा प्रॉटेस्टंट. लोक संशयानें पाहत. जूनमध्यें इमारत लष्करी इस्पितळाकरितां घेण्यांत आली व सारें संपलें.

पुढें बुर्गडोर्फ येथें त्याची रीत आकारास आली. मुलें अंक म्हणजे नुसते शब्द म्हणून घोकीत, हें त्याला खपेना. आधीं वस्तु, मग रेघ, शेवटीं आंकडा, असा त्याचा क्रम होता. त्याच्या तक्त्यांत दहा ओळी व प्रत्येक ओळींत दहा घरें असत. पहिल्या ओळीच्या प्रत्येक घरांत एक रेघ, दुसरीच्या प्रत्येक घरांत दोन, असें करीत दहावींत दहा. तिसऱ्या ओळीवर बोट फिरवीत मूल एकदां तीन, दोनदां तीन, तीनदां तीन असें म्हणे. मग उलट प्रश्न: बारा रेघा म्हणजे किती वेळां तीन? येथें पाढा पाठ करावयाचा नसून डोळ्यांनीं पाहावयाचा आहे. आम्हीं हा तक्ता फळ्यावर काढून पाहिला आहे. पांचव्या ओळींत घरामागून घर मोजीत गेल्यास ५, १०, १५ येतात; आणि वरून खालीं येतांना प्रत्येक ओळींतील पहिल्या पांच घरांची बेरीज घेतली तरी तेच आंकडे येतात. असें कां, हें आमच्या वर्गांतील एका अबोल मुलानें, तक्ता आडवा करून पाहा, एवढ्याच शब्दांत सांगितलें. पावकी-निमकी अस्खलित म्हणणारीं मुलें मात्र गप्प होतीं.

१८०५ पासून इव्हेर्डोन येथील त्याच्या शाळेस देशोदेशींचे शिक्षक येऊं लागले. १८१४ त तेथें याकोब श्टाइनर नांवाचा अठरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा आला. चौदाव्या वर्षापर्यंत त्याला लिहितां येत नव्हतें; पुढें तोच बर्लिन येथें भूमितीचा नामांकित प्राध्यापक झाला.

तरी दोष लपविणें बरें नव्हे. त्याच शाळेंत रेघांचा तक्ता तासन्‌तास म्हणवून घेतला जाई, आणि घोकंपट्टी घालवावयास निघालेली रीत स्वतःच घोकंपट्टी बनूं लागे. त्यांत सहकाऱ्यांचीं भांडणें विकोपास गेलीं. १८२५ त शाळा मोडली. म्हातारा पेस्टालॉझी नॉयहोफच्या त्याच बुडालेल्या शेतावर परत गेला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें तो निवर्तला. बिर गांवीं शाळेच्या भिंतीलगत त्याला मूठमाती देण्यांत आली.