चवदार तळ्याच्या वर्षी बाबासाहेब सिनेटसाठीही भांडले

मालवण ही रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची जन्मभूमी. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. 1893 साली ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याच किनाऱ्यावर, वेंगुर्ले तालुक्यातील केळूस गावी, 1860 साली कृष्णराव अर्जुन केळुसकर जन्मले. आपल्या तरुणांना ते बुद्धचरित्र भेट देणारे गुरुजी म्हणून माहीत आहेत. पण केळुसकरांनी आणखी एक काम केले. मॅट्रिक झालेल्या भीमरावाला त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि बडोद्याची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोकणातून एक माणूस विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून गेला होता. आंबडव्याच्या महार कुटुंबातील मुलगा मात्र त्या विद्यापीठात पाऊल ठेवण्यासाठी एका शिक्षकाच्या ओळखीवर आणि एका राजाच्या मर्जीवर अवलंबून होता.

बाबासाहेब हे कधी विसरले नाहीत. त्यांचे पुढचे विद्यापीठविषयक काम मला याच अनुभवातून आलेले दिसते.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदारांनी मुलाला रात्री उठवून अभ्यासाला बसवले, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकले, हे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली, हेही माहीत असते. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक, 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., मग कोलंबिया आणि लंडन. मधल्या काळात, 1918 ते 1920, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटत होते. परदेशी पदवी मिळाली, नोकरी मिळाली, तरी ही स्थिती. दार उघडले म्हणजे आतली सत्ता बदलते असे नाही, हे त्यांना प्राध्यापक असतानाच कळले.

लंडनहून 1923 साली परतल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, म्हणजे त्या वेळचे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. विद्यापीठ सुधारणा समितीही सेटलवाडांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली. समितीने मागवलेल्या उत्तरांत बाबासाहेबांनी 1925 साली आपली लेखी मते पाठवली. आपल्याच संस्थेचा अध्यक्ष समोर आहे म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही. नुसत्या परीक्षा घेणारे आणि कॉलेजांना संलग्नता देणारे विद्यापीठ हे विद्यापीठच नव्हे, असे त्यांचे मत होते. विद्यापीठाने स्वतः शिकवावे, संशोधन करावे, आणि कॉलेजांना कारभारात खरे भागीदार करावे, अशी त्यांची मागणी होती.

1927 साल उजाडले. या वर्षाबद्दल आपल्याला मार्चमधले चवदार तळे आठवते आणि डिसेंबरमधले मनुस्मृतिदहन आठवते. या दोहोंच्या मध्ये काय झाले ते फारसे कुणी सांगत नाही. त्याच वर्षी ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य म्हणून सभागृहात गेले. महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, 12 मार्चला, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडेच मांडले. प्रगत समजल्या जाणाऱ्या हिंदूंमध्ये दर दोन लाख लोकसंख्येमागे 1,000 मुले कॉलेजात, आणि आपल्या समाजात जवळपास शून्य. पैसा सगळ्यांच्या करातून येतो, मग त्याचा लाभ कोणाला होतो, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या भाषेत त्याला सोशल ऑडिट म्हणतात.

जुलै आणि ऑक्टोबरमध्ये विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक चर्चेला आले. वाद होता सिनेटच्या रचनेचा. विद्यापीठ हे विद्येचे स्थान आहे, तिथे जातीजमातींचे प्रतिनिधित्व कशाला, असा सूर सभागृहात होता. बाबासाहेबांनी तो खोडून काढला. त्यांच्या मते गरीब आणि गरजू माणसाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण पोहोचवणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे. परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या संस्थेला ते सुसंस्कृत देशातले विद्यापीठ मानायला तयार नव्हते. आणि शिक्षण हा सर्वांत मोठा लाभ असेल, तर तो वाटणाऱ्या मंडळात ज्यांना आजवर वाटा मिळाला नाही त्यांची माणसे हवीत. पदवीधरांच्या मतदानातून ती निवडून येणार नाहीत, कारण पदवीधरच मूठभर. म्हणून नेमणुकीने जागा द्या, असा त्यांचा आग्रह होता. इतर ऐहिक लाभ एकवेळ सोडू, उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे सगळे महाडच्या दोन सत्याग्रहांच्या मधल्या दिवसांत चालले होते. तळ्याचे पाणी आणि सिनेटची जागा या मागण्या त्यांच्या लेखी वेगळ्या नसाव्यात.

इथे थोडे आजचे बोलतो. सिंधुदुर्गातली कॉलेजे आजही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. रत्नागिरीला उपपरिसर आहे, पण मालवणच्या मुलासाठी मुख्य कार्यालय सुमारे 500 किलोमीटर दूर. 2017 साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत निकाल महिनोनमहिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावे लागले, तेव्हा इथल्या मुलांनी कोणाला जाब विचारायचा होता? कायद्यात त्याची जागा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 प्रमाणे अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधर 10 प्रतिनिधी निवडून देतात. त्यातल्या पाच जागा राखीव असून एक अनुसूचित जातीसाठी आहे. वार्षिक अहवाल, हिशेब, लेखापरीक्षण या अधिसभेपुढे येते. 1927 साली नेमणुकीने मागावी लागलेली जागा आज मतपेटीत आहे. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक पुढे ढकलत ढकलत सप्टेंबर 2024 मध्ये झाली. आम्ही कार्यकर्ते शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यात दिवस घालवतो, ते करायलाच हवे. पण वस्तीतल्या किती पदवीधरांची मतदार नोंदणी आपण करून घेतली?

पुन्हा बाबासाहेबांकडे. 1928 साली विद्यापीठाचा नवा कायदा आला, त्याच वर्षी ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1935 साली प्राचार्य. भांड्याला हात लावू नका म्हणणाऱ्या व्यवस्थेतल्या एका कॉलेजचा कारभार आता त्यांच्या हाती होता.

8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ते मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होते. विद्यापीठाच्या नियमांत राहून त्यांनी एक साधी गोष्ट बदलली, ती म्हणजे वेळ. वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्याला तास आटोपून कामावर जाता येईल. दार सगळ्यांना उघडे आहे असे म्हणणाऱ्या कॉलेजांना ते अकरा वाजता उघडून चालत नाही हे सुचले नव्हते. नोकरी सोडणे परवडत नाही अशी माणसे तिथे शिकली.

1950 साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते 1958 साली झाले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी. त्याला त्यांचे नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला.