विदुषी एमी नोएथर

नोकरीतले समाधान पगारात असते, मानात असते, की कामात? महाविद्यालयांतून शिकविणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना हा प्रश्न पडतो. त्यांनी जर्मन गणितज्ञ एमी नोएथर यांचे चरित्र अवश्य पाहावे.

एमीबाईंचा जन्म २३ मार्च १८८२ रोजी एर्लांगेन येथे झाला. वडील मॅक्स नोएथर तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलींच्या शाळेत इंग्रजी व फ्रेंच शिकविण्याची परीक्षा एमीबाई १९०० साली उत्तीर्ण झाल्या. शिक्षिकेची वाट मोकळी होती. पण ओढ गणिताची. १९०७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे काही वर्षे एर्लांगेनलाच विनावेतन काम केले. वडिलांना बरे नसले म्हणजे त्यांचे वर्गही घेतले.

१९१५ मध्ये हिल्बर्ट व क्लाइन या थोर गणितज्ञांनी त्यांना गटिंगेनला बोलाविले. तेथे स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास काही अध्यापकांनी हरकत घेतली. मग व्याख्याने जाहीर होत हिल्बर्ट यांच्या नावाने आणि शिकवीत बाई! १९१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला सिद्धांत आजही पदार्थविज्ञानाचा आधार आहे. निसर्गातील सममिती आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखे नियम यांचे नाते त्याने उलगडले. अध्यापनाचा अधिकार मिळाला १९१९ मध्ये. १९२२ मध्ये प्राध्यापक हा किताब मिळाला, तोही बिनपगारी! पुढील वर्षी अल्प मानधन सुरू झाले. कायमची प्राध्यापकी मात्र जर्मनीत कधीच लाभली नाही.

तरी बाईंचे मन कडवट झाले नाही. विद्यार्थ्यांबरोबर लांब फिरायला जावे, वाटेत गणित बोलावे, आपल्या कल्पना त्यांना मोकळ्या हाताने द्याव्यात, यात त्यांना धन्यता वाटे. १९३३ मध्ये नाझी राजवटीने यहुदी म्हणून त्यांना काढून टाकले, तेव्हा विद्यार्थी त्यांच्या घरी जमू लागले. त्याच वर्षी त्या अमेरिकेतील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. तेथे शिकवीत असतानाच, शस्त्रक्रियेनंतर, १४ एप्रिल १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

बाईंचे समाधान त्यांच्या कामातून आले, हे खरे. पण त्या समाधानी होत्या म्हणून विद्यापीठाचा अन्याय धुऊन निघत नाही. भगिनींनो, कामावर प्रेम जरूर करावे. त्या प्रेमापायी आपला हक्काचा पगार आणि आपले नाव मात्र कोणाला सोडू नये.