बर्फावरचा पट्टा : जोसेफ-आर्मांद बंबार्डियर

मुंबईत २०१५ मध्ये पश्चिम रेल्वेवर नव्या लोकल आल्या आणि त्यांच्या विद्युत यंत्रणेमुळे बंबार्डियर हे नाव प्रवाशांच्या तोंडी बसलं. पण हे नाव एका माणसाचं आहे, आणि तो माणूस रेल्वेवाला नव्हता. तो होता कॅनडातल्या एका खेड्यातला गॅरेजवाला. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना तर त्याची गोष्ट माहीत असायलाच हवी.

जोसेफ-आर्मांदचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा, क्विबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचा. पोराला यंत्रांचं भारी वेड! वडिलांनी त्याला फोर्डची एक जुनी मॉडेल टी गाडी दिली. पठ्ठ्याने तिचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे पंखा लावला आणि १९२२ च्या शेवटच्या दिवशी ती बर्फावर पळवली. वय वर्षे १५. उघडा फिरणारा पंखा बघून वडील हादरले आणि गाडी लगेच मोडायला लावली. पण १९२६ मध्ये गॅरेज टाकायला मदत केली तीही त्यांनीच.

त्या काळी तिथे हिवाळ्यात गावोगावचे रस्ते बंद होत. आर्मांद दरवर्षी नवनवीन गाड्या बनवायचा, मोडायचा, पुन्हा बनवायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला. हॉस्पिटल शेरब्रुकला, मध्ये सगळा बर्फ, आणि गॅरेजमध्ये चालण्याजोगी एकही गाडी तयार नाही. मुलगा गेला. या दुःखातून शोध लागला असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. प्रयत्न बारा वर्षं चालूच होते; आता मात्र थांबण्याची सोय उरली नव्हती.

अडचण इंजिनाची कमी आणि पकडीची जास्त होती. सायकलची चेन सैल झाली की दात सुटून पॅडलला कसा झटका बसतो ते आठवा. पट्ट्याचंही तसंच. सैल असेल तर स्प्रॉकेटचे दात उड्या मारतात; फार ताणला तर इंजिनची ताकद घर्षणातच जाते आणि बेअरिंगची वाट लागते. त्यात बर्फ दातांच्या खाचांत भरून गोठला की पट्टा नीट बसतच नाही. १९३५ मध्ये आर्मांदने स्प्रॉकेटवर रबर चढवलं आणि त्यावर रबर व कापडाचा, आडव्या पोलादी पट्ट्यांचा पट्टा फिरवला. दबणाऱ्या रबरावर बर्फ टिकून राहत नाही. १९३७ मध्ये पेटंट मिळालं. सात माणसांची बी-७ आली, मग बारा जणांची बी-१२. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळे त्यातून जाऊ लागले.

१९४८ मध्ये ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ काढण्याचा कायदा झाला आणि गाड्यांचा खप कोसळला. गडी खचला नाही. दलदलीत चालणारा मस्केग ट्रॅक्टर त्याने १९५३ मध्ये काढला. पुढे हलकी इंजिनं मिळू लागली, अखंड रबरी पट्टा जमला आणि १९५९ मध्ये एक-दोघांची स्की-डू बाजारात आली. आजही स्नोमोबाईलच्या पट्ट्याच्या मधोमध ठरावीक वजन लावून झोळ मोजतात, मागच्या आसाचे दोन्हीकडचे बोल्ट सारखे फिरवतात, आणि पट्टा एका बाजूला सरकत नाही ना ते फिरवून बघतात.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने तो गेला, अवघ्या ५६ व्या वर्षी. कंपनी रेल्वेत आणि विमानांत शिरली ती त्याच्यानंतर.

मित्रांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताना आपण मागच्या बॅचचे रिपोर्ट चाळतो. त्याआधी एकदा आपल्या गावात पावसाळ्यात काय अडतं ते बघून यावं, असं मला वाटतं. आर्मांदने आयुष्यभर तेवढंच केलं.