मॅक्स फ्लायशर : चलच्चित्रांचे एक निर्माते



पालक खाऊन बलवान होणारा पॉपाय तुम्ही पाहिला असेल. मात्र त्याला पडद्यावर आणणाऱ्या निर्मात्याचे नाव क्वचितच ऐकले असेल. निर्मिती आणि मालकी नेहमी एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत नाहीत, हे मॅक्स फ्लायशर यांच्या चरित्रातून तुमच्या लक्षात येईल.

फ्लायशर यांचा जन्म 1883 मध्ये आजच्या पोलंडमधील क्राकोव शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. बालपणीच ते न्यूयॉर्कला आले. पुढे वृत्तपत्रात व्यंगचित्रकार आणि विज्ञानविषयक मासिकात कलासंपादक म्हणून काम करताना चित्रकला व यंत्रविद्या या दोहोंशी त्यांचा परिचय झाला.

त्या काळी चलच्चित्रांतील हालचाली अडखळत होत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रोटोस्कोप हे यंत्र तयार केले. जिवंत माणसाचे चित्रीकरण करायचे, मग त्या फिल्मची एकेक चौकट काचेवर पाडून गिरवायची, अशी ही पद्धत होती. धाकटे बंधू डेव्ह विदूषकाच्या वेशात कॅमेऱ्यापुढे उभे राहिले आणि त्यातून कोको हे पात्र जन्मले. 1917 मध्ये या यंत्राचे पेटंट मिळाले. 1921 मध्ये दोघा बंधूंनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. 1930 मध्ये बेटी बूप आणि 1933 मध्ये सेगर यांच्या चित्रमालिकेतील पॉपाय त्यांनी पडद्यावर आणले.

मात्र या चित्रपटांचे वितरण पॅरामाउंट कंपनीकडे होते आणि भांडवलासाठीही तिच्यावरच अवलंबून राहावे लागे. 1937 मध्ये अपुऱ्या वेतनावरून कर्मचाऱ्यांनी पाच महिने संप केला, हेही विसरता येत नाही. पुढच्याच वर्षी स्टुडिओ मायामीला हलवला गेला. 1939 मध्ये गलिव्हरच्या प्रवासावरील पूर्ण लांबीचा चित्रपट प्रदर्शित झाला. खर्च आणि कर्ज वाढत गेले. बंधूंमधील बोलणेही थांबले. डिसेंबर 1941 मधील दुसरा मोठा चित्रपट अपयशी ठरला. पॅरामाउंटने स्टुडिओ ताब्यात घेतला आणि 1942 मध्ये त्याचे नावही बदलले. संस्थापकांना आपल्याच संस्थेतून बाहेर पडावे लागले.

1972 मध्ये फ्लायशर यांचे निधन झाले. डिस्नेच्या स्नो व्हाइट चित्रपटातही जिवंत हालचाली गिरवण्याच्या पद्धतीचा आधार घेतला गेला होता. म्हणूनच त्यांचे मोल ठरवताना तुम्ही स्टुडिओचा शेवट पाहाल, की त्यांनी रूढ केलेली पद्धत? आपले मत कारणांसह लिहा.